झाकणावरची रेघ

"वाच," आबा म्हणाले.

मी गाडीच्या पुढच्या सीटवर गुडघे टेकून, डोकं खाली घालून लोंबकळत होते. पायाखालच्या फळ्या काढलेल्या, त्यांच्याखाली गिअरबॉक्सचं बिडाचं झाकण, आणि त्यावर किती वर्षांचं तेल नि धूळ बसलेली, देव जाणे. रॉकेलचा बोळा फिरवून फिरवून माझी बोटं काळी झाली होती.

"आठ!" मी ओरडले. "मग जागा सोडून तीन. परत जागा सोडून अडतीस."

"अडतीस का छत्तीस? नीट बघ."

"अडतीसच. माझं डोळं धड हायत अजून."

हा टोमणा होता. आबांना मोतीबिंदू झाला होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते चप्पल घालून दुकानातून सटकायचे. टोमणा त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखा केला आणि गाडीच्या मालकाकडं वळून म्हणाले, "लिहून घ्या, सर. आठ मार्च, एकोणीसशे अडतीस. विलायतेत ह्या दिवशी हे झाकण ओतलंय."

बोडस सरांनी लिहून घेतलं नाही. ते गाडीचं दार धरून उभे होते.

"म्हणजे दिवाळीच्या आधी?" त्यांनी विचारलं.

"चांगलं सात महिनं आधी."

सर दुकानाच्या पायरीवर बसले. चष्मा काढला, धोतराचा सोगा शोधावा तसा हात खाली नेला, मग आपण पँट घातलीय हे ध्यानात येऊन खिशातला रुमाल काढला. शेहेचाळीस वर्षांचा माणूस, सांगलीच्या कॉलेजात गणित शिकवणारा. मी मुद्दाम परत खाली डोकं घातलं.

ही गोष्ट पंच्याऐंशी सालची. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं फर्म्यांचं दुकान होतं. फर्मा म्हणजे ज्या आकाराचा लोखंडी किंवा बिडाचा भाग ओतायचा, त्याची लाकडात केलेली हुबेहूब प्रत. ती मातीत दाबायची, काढून घ्यायची, आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. आबा, म्हणजे माझे वडील श्रीपती सुतार, यांचा फर्मा म्हणजे आरसा, असं भट्टीवाले म्हणायचे. मी तेव्हा सत्तावीसची. लग्न करायचं नव्हतं असं नाही, जमलं नव्हतं. आबांचे डोळे अधू झाल्यापासून मापं मीच घेत होते, आणि भट्टीवाल्यांनी पहिल्यांदा तोंडं वाकडी केली तरी आता माझंच माप मागत होते. त्यामुळे माझं नाक जरा वर होतं. जरा कशाला, चांगलंच वर होतं.

बोडस सर पहिल्यांदा आले तेव्हा आबांना म्हणाले, "मला गाडी विकायची नाही, सजवायची नाही. ती कुठल्या साली बांधली तेवढं सांगा." मग त्यांनी चहा गार होईपर्यंत सगळं सांगितलं.

सरांचे वडील अडतीसच्या दिवाळीत विषमज्वरानं गेले. सर तेव्हा आईच्या पोटात. आईही ते आठ वर्षांचे असताना गेली. अठ्ठेचाळीस साली गांधीजींच्या खुनानंतर ब्राह्मणांची घरं जळाली, त्यात कृष्णाकाठचं त्यांचं घरही गेलं, आणि घराबरोबर वडिलांचा एकुलता एक फोटो, कागदपत्रं, पत्रं, सगळं. ही काळी चारदारी गाडी तेवढी वाचली, कारण त्या आठवड्यात ती दुरुस्तीला कोल्हापुरात होती. वडिलांचं म्हणावं असं सरांकडं तेवढंच उरलं. चुलत्यांनी पुढं वाटणीत ती त्यांना दिली, आणि सर दर रविवारी ती चालवायचे. वडील असेच बसत असतील, असाच हात टाकत असतील, हे मनात धरून.

आणि मग एका लग्नात, भर पंगतीत, चुलतभाऊ म्हणाला, "तुझ्या वडिलांचा नि त्या गाडीचा संबंध काय? एकोणचाळीस साली माझ्या बाबांनी घेतली ती. काकांनी ती पाहिलीसुद्धा नाही."

"मी काय बोलणार?" सर म्हणाले होते. "माझ्याकडे पुरावा काय? नंबराची पट्टी कुठेतरी पडली, चासी एका अपघातानंतर कापून जोडली, इंजिन एकसष्ट साली बदललं. कंपनीला विलायतेत पत्र लिहिलं, ते म्हणतात चासीचा नंबर कळवा. आरटीओच्या पुस्तकात फक्त एक्कावन्न सालची फेरनोंदणी आहे. पंगतीत मी वरणभात कालवत बसलो, श्रीपतराव. तेव्हापासून गाडीत बसलं की परक्याच्या गाडीत बसल्यासारखं वाटतं."

आबांनी तेव्हाच सांगितलं, की जुन्या विलायती भट्ट्या बऱ्याचदा मोठ्या ओतीव भागावर तारीख घालायच्या. इंजिन बदललं असेल, पण गिअरबॉक्स बघू. आणि तो आकडा सापडला. सर पायरीवर बसून रुमालानं चष्मा पुसत होते, आबा खुशीत तंबाखू मळत होते. इथं ही गोष्ट संपली असती तर फार बरं झालं असतं.

"सरू," आबा म्हणाले, "झाकणातनं तेल गळतंय, सर म्हणतायत. उघडलंयस तर काढूनच घे. नवं करून देऊ."

मी सहा बोल्ट सोडले, झाकण दांड्यासकट वर काढलं आणि टेबलावर ठेवलं. गिअरचा दांडा ह्याच झाकणातून वर येतो. दांडा सोडवून बाजूला ठेवला. झाकण पुसताना माझी नजर बोल्टांच्या भोकांवर गेली आणि मी थांबले.

प्रत्येक भोकाभोवती बिडाचं गोल टेकाड असतं आणि भोक त्याच्या बरोबर मध्यावर असतं. इथं सहाच्या सहा भोकं बाहेरच्या अंगाला सरकलेली. मी झाकण उचलून परत गिअरबॉक्सवर धरलं. कड चारी बाजूंनी आत पडत होती. माप घेतलं. नऊ इंचाला पाऊण सूत कमी; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

आमच्या धंद्यात हे शेंबड्या पोरालाही कळतं. बीड थंड होताना आटतं, फुटामागं एक सूत. म्हणून फर्मा करताना आम्ही आटीची पट्टी वापरतो, जिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा सूतभर मोठा असतो. पण कुणी फर्मा न करता जुना भागच मातीत दाबून ओतला, तर नवा भाग तेवढा लहान येतो. मग भोकं सरकवून पाडावी लागतात. आकडे मात्र जुन्याचेच उमटतात, जसेच्या तसे.

माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. सापडलं, मला सापडलं, एवढंच डोक्यात. मी टेबलामागूनच मोठ्यानं म्हणाले, "आबा, हे विलायती न्हाईच! नक्कल हाय ही. इथंच कुठंतरी वतलीय!"

आबांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. सर उठून उभे राहिले.

"नक्कल म्हणजे?"

मी उत्साहानं समजावलं. भोकं दाखवली, पट्टी लावून दाखवली, फळ्यावर शिकवतात तसं. "लढाईच्या काळात विलायतेहून माल यायचा बंद झालता. तेव्हा हितं सगळ्याच्या नकला करायचे. कुणाच्यातरी दुसऱ्या गाडीचं झाकण नमुन्याला आणलं असणार. तेव्हा ही तारीख त्या गाडीची. तुमच्या गाडीची न्हाई."

"म्हणजे माझी गाडी एकोणचाळीसचीही असू शकते."

"चाळीसचीबी असंल," मी म्हणाले.

गणिताच्या माणसाला ह्याहून जास्त सांगावं लागत नाही. सरांनी रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली. "तुमचं बरोबर आहे, ताई. पुरावा म्हणजे पुरावा," ते म्हणाले. "गाडी राहू दे इथेच. घाई नाही." आणि ते स्टँडकडं चालत गेले. माणूस सांगलीहून तीस मैल स्वतःची गाडी चालवत आला होता, तो एस.टी.नं परत गेला.

आबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला बसले की भाकरी पुढं सरकवायचे, पण शब्द नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी माझा पारा चढला.

"मी खोटं बोलले काय?"

"न्हाई."

"माप चुकलं?"

"न्हाई."

"मग तोंड का फुगवलंय?"

"आधी माझ्या कानात सांगायचं हुतंस," आबा म्हणाले. "शेहेचाळीस वर्सं थांबलेला माणूस. अजून एक दिस थांबला असता की. आपुन नीट बघून मग बोललो असतो. तुला कधी एकदा आपलं शाणपण दाखवीन असं झालतं."

मला राग आला, कारण ते खरं होतं. तणतणत मी झाकण उचललं आणि मागच्या अंगणात नेलं. नवं झाकण करून द्यायचं कबूल केलं होतं, तेवढं तरी चोख करू. सोड्याच्या कोमट पाण्यात घालून तारेच्या ब्रशानं घासायला लागले. परवा मी फक्त आकड्यांपुरतं आणि भोकांपुरतं पुसलं होतं. आता सगळा थर निघाला आणि खाली राखाडी बीड दिसायला लागलं.

वरच्या सपाट भागावरून एक बारीक रेघ गेली होती. केसाएवढी जाड, वर आलेली. परवाही ती अर्धीमुर्धी दिसली होती आणि मी मनात म्हटलं होतं, साच्याची शिवण असंल. मातीच्या साच्याचे दोन भाग जिथं मिळतात तिथं अशी शिवण उमटतेच. म्हणून मी तिच्याकडं ढुंकूनही बघितलं नव्हतं.

पण शिवण कडेला असते. सपाट भागाच्या मधून कशी जाईल? आणि शिवण सरळ असते. ही वाकडीतिकडी, एका कडेपासून निघून दांड्याच्या भोकाला वळसा घालून, अडतीसमधल्या आठाच्या पोटातून पलीकडच्या कडेला गेलेली. माझे हात पाण्यातच राहिले.

मी ओल्या हातांनी झाकण घेऊन दुकानात पळाले.

"आबा, जरा हात लावा ह्याला."

"आता काय काढलंस?"

"लावा तर खरं."

त्यांना दिसत नव्हतं, पण त्यांचा अंगठा माझ्या दोन्ही डोळ्यांपेक्षा शहाणा होता. त्यांनी झाकण मांडीवर घेतलं, अंगठा फिरवला. रेघेवर आला. रेघेबरोबर चालत गेला, भोकाला वळसा, आठावर, कडेपर्यंत. परत उलटा आला. मग आबांनी अंगठा उचलला आणि गालावर हात ठेवला. मला वाटलं दाढ दुखतेय.

"आबा?"

"हितं बसलीती," ते म्हणाले. "नारू मिस्त्रीची थप्पड. पाच बोटं उठलीती."

"का?"

"ही रेघ माझी हाय, सरू."

मग ते सांगायला लागले. मी त्यांची चाळीस वर्षांची कामं ऐकत आले होते, पण ही गोष्ट कधीच नाही. बेचाळीस साल. आबा एकोणीस वर्षांचे, नारू मिस्त्रीच्या हाताखाली. एक ड्रायव्हर आला, गुंडू नावाचा, फेट्यात बांधून झाकणाचे दोन तुकडे घेऊन. गाडी दगडावर आपटून झाकण उभं फुटलं होतं. मिस्त्री म्हणाले, तसल्याच दुसऱ्या एका गाडीचं चांगलं झाकण आमच्या वळखीत हाय, नमुन्याला आणू. गुंडू ऐकेना. हेच जोडा, हेच दाबा, आकड्यासकट हेच पाहिजे. मिस्त्री वैतागले आणि काम आबांवर टाकून जेवायला गेले. आबांचं एकट्यानं केलेलं ते पहिलं काम.

"मी लाख तापवून तुकडं जोडलं," आबा म्हणाले. "लाख सांध्यातनं वर आलती. ती खरवडून, घासून साफ करायची, मग मातीत दाबायचं. ह्ये काय मला ठावं नव्हतं व्हय? पण त्यो गुंडू डोक्याशी बसून बोलत हुता. बोलता बोलता रडायला लागला. आणि मी ऐकत बसलो. ऐकता ऐकता तसंच दाबलं. लाखंची रेघ मातीत उमटली, मातीतली बिडात. मिस्त्री आलं, बघितलं, आणि गुंडूच्या म्होरंच दिली ठिऊन. त्या दिसापास्नं माझ्या हातनं एक रेघ सुटली न्हाई. म्हणून कुणाला सांगितलं न्हाई ह्ये."

"गुंडू काय सांगत होता?"

आबांनी माझ्याकडं बघितलं, म्हणजे माझ्या आवाजाकडं. "चल," ते म्हणाले. "सांगलीची गाडी किती वाजता हाय? आता दोनदा सांगत न्हाई मी. ज्याचं हाय त्यालाच सांगतो."

मी झाकणावर दांडा परत बसवला, सगळं एका पोत्यात गुंडाळलं आणि आम्ही एस.टी.त बसलो. ते ओझं आबांनी मांडीवरून खाली ठेवू दिलं नाही. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, देव घेऊन चाललाय का काय?" आबा म्हणाले, "तसंच समज."

सर कॉलेजातून नुकतेच आले होते. त्यांच्या बाईंनी, म्हणजे बायकोनं, पाणी आणलं. सरांनी पोत्याकडं बघितलं आणि कसनुसं हसले. "एवढ्या लांब कशाला आलात? पोस्टकार्ड टाकलं असतंत तरी चाललं असतं."

"आधी मी बोलते," मी म्हणाले. "सर, परवा मी तोंडाला येईल ते बोलले. माप बरोबर होतं. नक्कल आहे, हेही खरं. पण दुसऱ्या गाडीची नाही." मी झाकण टीपॉयवर ठेवलं आणि त्यांचं बोट धरून रेघेवर नेलं. "ही भेग. तुमच्याच गाडीचं झाकण फुटलं, तेच जोडून त्याच्यावरून हे ओतलं. भेग आकड्यातून गेलीय बघा. ज्या झाकणाला भेग, त्याचाच हा आकडा. दुसऱ्याचं असतं तर फुटकं कोण देईल नमुन्याला?"

सरांनी वाकून बघितलं. आठाच्या पोटातली रेघ बोटानं दोनदा तपासली. गणिताचा माणूस, लगेच हो म्हणेना. "पण जोडलेलं झाकण माझ्याच गाडीचं, हे तुम्हाला कसं..."

"कारण मी जोडलंय," आबा म्हणाले. "वाईट जोडलंय. सर, तुमच्यात गुंडू नावाचा ड्रायव्हर हुता?"

सरांच्या बाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. सर म्हणाले, "होता म्हणतात. मला आठवत नाही. मी चार वर्षांचा असताना तो पलटणीत गेला, परत आला नाही. तुम्हाला कोणी सांगितलं त्याचं नाव?"

"त्यानंच. माझ्या डोक्याशी बसला हुता." आबा सावकाश, एकेक शब्द ठेवत बोलले. "म्हणाला, नवं झाकण दुसऱ्या गाडीवरनं करू नका. ही गाडी थोरल्या मालकांनी मुंबईस्नं आणली, बोटीवरनं उतरली तशी. पावसाळ्यात आणली. दोन-तीन महिनंच चालवली त्यांनी, दिवाळीत गेलं. म्हणाला, मी आधी टांगा हाकत हुतो. मालकांनी मला गाडी शिकवली. ह्याच दांड्यावर माझा हात, आणि माझ्या हातावर त्यांचा हात. मालक गेलं तवा मूल पोटात हुतं. आता तीन वर्साचं झालंय, आणि गाडीत बसवलं की सगळं सोडून ह्योच दांडा धरून बसतंय."

सरांनी चष्मा काढून टीपॉयवर ठेवला.

"मी नाही पाहिलं त्यांना," सर म्हणाले. एवढंच. मग टीपॉयपुढं खाली बसले आणि त्यांनी दांडा धरला. "श्रीपतराव, हात हातावर म्हणजे... कसा?"

आबा उठले. चाचपडत टीपॉयपर्यंत गेले, सरांच्या खांद्यावरून हात खाली आणला, आणि आपला घट्टे पडलेला पंजा सरांच्या मुठीवर ठेवला.

"असा," आबा म्हणाले. "आता पहिला टाका."

दांडा खाली कशालाच जोडलेला नव्हता. पण सरांनी तो पुढं ढकलला, आबांचा हात वरून गेला. मग दुसरा. मग तिसरा. सर ओक्साबोक्शी रडत होते आणि गिअर बदलत होते. मीही रडत होते. बाई आत गेल्या, त्यांच्या चहाची भांडी वाजत राहिली.

निघताना मी सरांना म्हणाले, "आता नवं झाकण करते. आटीची पट्टी लावून, चोख. एक थेंब गळायचा नाही."

"नको," सर म्हणाले.

"अहो, तेल गळतंय त्यातनं!"

"गळू दे," सर म्हणाले, आणि झाकण माझ्या हातातून काढून परत आबांच्या हातात दिलं. "हेच बसवा."

तेच बसवलं. पुढं कितीतरी वर्षं सर महिन्या-दोन महिन्यांनी गाडी घेऊन यायचे, उगाच, आबांशी बोलत बसायला. ते गेले की दुकानापुढं तळहाताएवढा तेलाचा डाग पडलेला असायचा. मी त्यावर लाकडाचा भुसा टाकायला निघाले, की आबा आतून ओरडायचे, "सरू, ऱ्हाऊ दे तो."